अंगणातला फणसच का वाळला?

एकाच अंगणात आंबा, माड आणि फणस. तिघांना पाणी सारखं, माया सारखी. मग वाळला तो फणसच का, हे काही केल्या ऋजुताला उमगेना. बुंध्याशी भुसा साचला होता आणि आतून बारीक कुरकुर ऐकू येत होती.

बाबा पखवाज बनवायचे. या फणसाच्या खोडाचा पखवाज करायचं त्यांनी कधीपासून मनात धरलं होतं.

फणस तपासायला वनस्पती केंद्राचा यंत्रमानव आला. त्याचं डोकं गुळगुळीत, म्हणून ऋजुताने त्याचं नाव टकल्या ठेवलं होतं. त्याने एक अळी ओढून काढली आणि तिची जनुकं (पेशींतले वारशाचे संदेश) वाचली.

"लांब मिशांचा भुंगेरा. याचे सख्खे नातलग दूरच्या बेटांवर नीरफणस पोखरतात."

"मग हा इथे पोहत आला का?"

टकल्याने अंगणातल्या फळ्यांकडे बोट केलं. बंदरावरच्या जुन्या खोक्यांच्या त्या फळ्या बाबांनीच स्वस्तात आणल्या होत्या. बाबांनी एक फळी उलटून पाहिली, तर तिला गोल भोकं पडलेली.

"पण आंबा सोडून फणसच का रे?"

"फणस आणि नीरफणस एकाच कुळातले. या भुंगेऱ्यांना पिढ्यान् पिढ्या त्याच कुळाच्या लाकडाची सवय. वड, पिंपळ, उंबरही त्याच कुळातले."

ऋजुताने चटकन मागे वळून पाहिलं. घरामागे ओढ्याकाठी उंबरांची रांगच होती.

"बेटांवर याच्या अळ्या खाणारे शत्रू आहेत," टकल्या म्हणाला. "इथे याला रान मोकळं. भुंगेरे उडायच्या आत झाडाचा आणि त्या फळ्यांचा चुरा करून जाळायला हवा."

"बुंध्याचा एवढा तुकडा ठेव रे," बाबा म्हणाले. "एका पखवाजापुरता."

"नुकती जन्मलेली अळी फार हळू खाते. तुकड्यात ती असली तरी मला ऐकू येणार नाही," टकल्या म्हणाला.

बाबांनी ऋजुताकडे पाहिलं. तिने आपली बाजू घ्यावी असं त्यांना वाटत होतं, हे तिला कळलं.

"नको बाबा," ती म्हणाली. "उंबर जातील."

संध्याकाळपर्यंत अंगणात राख उरली. जेवायला कुणी बसलं नाही.

"टकल्या, एखादा भुंगेरा आधीच उडून गेला असला तर? याचा आपल्याकडे कुणी नातलग आहे का?" ऋजुताने विचारलं.

"आहे. उंबरावरच असतो. पण तो कधी डोईजड होत नाही. एक चिमुकली गांधीलमाशी त्याच्या अळीत अंडी घालते. मग तिची पिल्लं ती अळी खातात."

ऋजुता ताठ बसली. "मग ती या पाहुण्याच्या अळीतही घालेल?"

"कदाचित. नात्यातल्या अळ्या बऱ्याच सारख्या असतात. पण आधी माश्या पाळून पाहायला हव्यात."

बाबा उठले आणि त्यांनी करवत हातात घेतली.

"माश्यांना पेटी केवढी लागेल रे?"