लेखिकेच्या मते

त्याच्या डिक्शनरीत खेकड्याची नांगी निघाली, तिथून सगळं सुरू झालं.

मार्चमधली सकाळ होती. परीक्षेच्या खोलीच्या दारात उभी राहून मी एकेकाची डिक्शनरी चाळत होते. नियमच तसा आहे. छापील डिक्शनरी आत न्यायला हरकत नाही, पण तिच्यात हातानं लिहिलेलं एक अक्षरही चालत नाही. मुलं बिलंदर असतात, अख्खं व्याकरण समासात कोंबून आणतात. अकरा वर्षांत मी काय काय पकडलं नाही! पण नांगी पहिल्यांदाच.

"हे काय?"

"नांगी, बाई."

"ते दिसतंय मला. इथे कशाला?"

"खूण म्हणून. कागद ठेवला की तुम्ही लोक संशय घेता."

रांगेत मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी हसले नाही. परीक्षेच्या दिवशी मी हसत नाही. पुढची पानं उलटली, तर समासात पेन्सिलीनं काढलेले खेकडेच खेकडे. कुणी पाठमोरा, कुणी चिखलात अर्धा रुतलेला, आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात नोंदी.

"ही आत नेता येणार नाही."

"पण बाई, त्यात उत्तरं नाहीत. खेकडे आहेत."

"आणि प्रश्न खेकड्यांवरच निघाला तर?"

त्याचे डोळे लखकन चमकले. "निघणारे का?"

मी डिक्शनरी मिटून काखेत धरली. उतारा खरोखरच खेकड्यांवर होता, आणि तो मीच निवडला होता.

त्याला विभागाची डिक्शनरी दिली. आत जाता जाता तो वळला. "माझी कपाटात नका ठेवू हं. बेलेमची हवा, बुरशी येईल. तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा."

दोन मिनिटांची ओळख, आणि माणूस माझ्या खणात शिरलासुद्धा.

*

बेलेमच्या आमच्या विद्यापीठात मास्टर्स करणाऱ्या प्रत्येकाला ही परीक्षा द्यावीच लागते. इंग्रजी बोलायचं नाही, लिहायचंही नाही. दोन पानांचा इंग्रजी उतारा वाचायचा. प्रश्न आमच्या पोर्तुगीजमध्ये, उत्तरंही पोर्तुगीजमध्ये. दहापैकी सात मिळाले की पास. संधी तीन. तिसऱ्यांदा घसरलात की जागा गेली, मग तुमचं संशोधन सोन्याचं का असेना.

उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, फक्त क्रमांक. त्या खेपेला सत्तावीस क्रमांकाच्या उमेदवारानं मला छळलं. 'उताऱ्यानुसार, खेकडे जोडीदाराच्या शोधात बिळाबाहेर केव्हा पडतात?' असा साधा प्रश्न होता. उताऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं, पौर्णिमेला. सत्तावीसनं लिहिलं, अमावास्येलाही पडतात, आणि पुढे भरतीचं पाणी कसं चढतं, खारफुटीच्या मुळांपाशी कसला आवाज येतो, सगळं साग्रसंगीत दीड पान. वाचायला इतकं गोड की मी ते दोनदा वाचलं. मग शून्य दिलं. अशी चार उत्तरं, चार शून्यं. एकूण गुण साडेपाच.

निकालानंतर उमेदवाराला आपला पेपर येऊन बघता येतो. सत्तावीस नंबरवाला आला, आणि बघते तर नांगीवाला. आदामोर नाव. ब्रागांसाकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. बापाबरोबर चिखलात हात घालून खेकडे काढत वाढलेला. शिकायला उशिरा लागला, आता चौतिसाव्या वर्षी त्याच खेकड्यांवर मास्टर्स करत होता. मी सदतीसची. हिशेब मी त्याच क्षणी का केला, ते विचारू नका.

"तुम्हाला उतारा कळला नाही," मी म्हटलं.

"कळला की. पौर्णिमा लिहिलंय."

"मग पौर्णिमा का नाही लिहिलंत?"

"कारण ते चूक आहे."

"मी खेकड्यांबद्दल विचारत नव्हते हो. लेखक खेकड्यांबद्दल काय म्हणतो ते विचारत होते."

"लेखकानं खेकडा पाहिलाय का?"

"ते विचारायची सोय परीक्षेत नाही."

तो हसला. मग हसू हळूच ओसरलं. "माझी दुसरी खेप होती, बाई. ऑगस्टला तिसरी. ती गेली तर... मी गावी परत. शिकवाल मला?"

"नाही. परीक्षकानं उमेदवाराला शिकवायचं नसतं. नियम आहे."

"आणि परीक्षकानं उमेदवाराबरोबर ताकाका प्यायचं नसतं, असाही नियम आहे का?"

ताकाका म्हणजे करवंटीतून प्यायचं आमचं सुक्या कोळंबीचं कढण. त्यातला झांबूचा पाला जीभ बधिर करतो. तसा नियम मला आठवला नाही. खरं सांगायचं तर मी फार आठवलाच नाही.

"कधी?" मी विचारलं.

"गुरुवारी. पावसाआधी की पावसानंतर?"

बेलेममध्ये रोज दुपारी पाऊस ठरलेला, त्यामुळे घड्याळाची वेळ कुणी देत नाही. "पावसानंतर," मी म्हटलं.

*

असे गुरुवार सुरू झाले. आमची अट एकच, इंग्रजीचा शब्दही काढायचा नाही. मग बोलायचं काय? तर खेकडे. खेकड्यांबद्दल इतकं बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

"त्या दिवसांत खेकडा अगदी येडा होतो," तो सांगायचा. "बीळ सोडून उघड्यावर हिंडतो. माणूस दिसला तरी पळत नाही. कुणीही यावं, उचलून न्यावं."

"मग लोक उचलतात?"

"बंदी असते ना. प्रेमात पडलेल्याला पकडायचं नाही, असा सरकारी नियम आहे. तुम्हाला आवडेल. तुम्हाला नियम आवडतात."

मी करवंटी तोंडाला लावली. ओठ आधीच बधिर झाले होते. तेवढं निमित्त बरं होतं.

एका गुरुवारी तो उकडलेले खेकडे आणि लाकडी दांडकी घेऊन आला. कवच कुठे ठोकायचं ते दाखवताना त्यानं माझं मनगट धरलं... जरा जास्तच वेळ धरलं. मी चार खेकडे खाल्ले. घरी जाऊन हात तीनदा धुतले तरी वास गेला नाही. चौथ्यांदा मी धुतलेच नाहीत.

आमच्या विभागात कॉफी करणारी आणि फळ्यावर नोटिसा लावणारी ओस्कारिनामावशी सगळं बघत होती. "दिनोरा," ती म्हणाली, "तुझ्या खणात ती खेकड्यांची पोथी अजून का गं? मार्चपासून बघतेय."

"तो न्यायला विसरलाय."

"आणि तू द्यायला. दोघांची स्मरणशक्ती सारखीच दिसते."

*

जुलैच्या शेवटी फॉर्म आला. प्रत्येक परीक्षेआधी तो येतो. सोबत उमेदवारांची यादी, आणि खाली प्रश्न: यापैकी कुणाशी आपलं नातं, घनिष्ठ मैत्री अथवा उघड वैर आहे काय? तीन चौकटी. अकरा वर्षं मी तिन्ही रिकाम्या ठेवून खाली 'नाही' लिहीत आले होते.

क्रमांक चौदा, आदामोर.

मी पेन उघडलं, मिटलं. 'नाही' लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? पेपरवर तर फक्त क्रमांक असतो, तोही यादीतला नव्हे. पण त्याचं अक्षर मला आता अंधारातही ओळखू आलं असतं. आणि खूण केली असती, तर माझ्याऐवजी उतारा काढणार आणि पेपर तपासणार होते झेनोबियो सर. हा माणूस अर्धा गुण देतो तोही स्वतःचा दात उपटून दिल्यासारखा. मी खरं लिहिलं की आदामोरची जागा जाणार, तो गावी परत जाणार, आणि माझे गुरुवारही त्याच्याबरोबर बसनं ब्रागांसाला जाणार. खोटं लिहिलं तर राहील. पण मग त्याला मिळालेल्या गुणांकडे मी कुठल्या तोंडानं बघणार?

शिवाय अजून त्यानं काही म्हटलंच नव्हतं. कशाच्या जोरावर खूण करायची?

'घनिष्ठ मैत्री'वर खूण केली, पाकीट बंद केलं आणि ओस्कारिनामावशीच्या हातात दिलं. मग त्याला गाठलं.

"या खेपेला परीक्षा माझ्याकडे नाही," मी सांगितलं. "आता इंग्रजी काढलं तरी चालेल."

"तुमच्याकडे का नाही?"

"नियम."

"तुमच्याकडे कशालाही नियम असतो, बाई."

*

तीन आठवडे होते. विभागामागच्या आंब्याखाली आम्ही रोज बसायचो. इंग्रजी त्याला बऱ्यापैकी येत होतं. येत नव्हतं ते गप्प बसणं. मी एक इंग्रजी वाक्य लिहून दिलं: सूर्य पश्चिमेला उगवतो.

"खोटं," तो म्हणाला.

"लेखकाच्या मते सूर्य कुठे उगवतो?"

"पश्चिमेला. पण—"

"पण नाही. प्रत्येक उत्तराची सुरुवात 'लेखकाच्या मते' अशी करायची. तेवढं म्हटलं की पाप लेखकाच्या माथी."

"जीभ जड होते हो."

"ताकाका पितोय असं समजा."

चौथ्या-पाचव्या दिवशी तो म्हणाला, "सूर्य-चंद्र पुरे झाले. तुमच्यावर एक उतारा लिहा."

मी लिहिला. लेखनात मी कधी मागे हटत नाही. त्यानं ओठ हलवत वाचला आणि शहाण्या मुलासारखा सांगू लागला, "लेखिकेच्या मते दिनोरा ही म्हातारी आणि तिरसट बाई आहे."

"बरोबर."

"लेखिकेच्या मते तिला खेकडे मुळीच आवडत नाहीत."

"बरोबर. पैकीच्या पैकी."

त्यानं कागद खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिला... असा बघत राहिला की मला वरच्या कैऱ्या मोजाव्या लागल्या.

"आणि माझं मत कधी विचारणार?"

"परीक्षेत उमेदवाराचं मत विचारत नाहीत," मी म्हटलं.

*

परीक्षेच्या दिवशी मी जिन्यात बसून राहिले. तीन तासांनी तो बाहेर आला, तो पार पडलेल्या चेहऱ्यानं.

"उतारा कशावर होता?"

"असाईवर." त्यानं कपाळाला हात लावला. "कुण्या परदेशी माणसानं लिहिलंय. म्हणे सकाळी असाईत केळं घालून खातात. वर मध!"

"अरे देवा."

असाई, म्हणजे एका ताडाच्या जांभळ्या फळांचा गर, आमच्याकडे तळलेल्या माशाबरोबर खातात, कसाव्याच्या कंदाचं पीठ घालून. केळ्याचं नाव काढलं तर आमची आजी घराबाहेर काढेल. झेनोबियो सरांनी बरोबर नस पकडली होती. सबंध बेलेमनं वाद घालावा असा उतारा.

"मग? काय लिहिलंत? खरं सांगा."

"नाही सांगत. माझी मलाच लाज वाटते," असं म्हणून तो निघून गेला. दहा दिवस मी नखं खाल्ली. दोन गुरुवार आम्ही एकमेकांना टाळलं. जे होईल ते आधी होऊन जाऊ दे, असंच बहुतेक दोघांच्या मनात होतं.

अकराव्या दिवशी, दुपारी पावसाच्या जरा आधी, बाहेर ओस्कारिनामावशीचा आवाज चढला. "अरे ए! फळ्यावरचा कागद काढायचा नसतो! दहा दिवस राहावा लागतो!"

आणि आदामोर दारात. हातात निकालाचा कागद, चारही कोपरे फाटलेले.

"आठ," तो म्हणाला. "लेखकाच्या मते केळं. लेखकाच्या मते मध. आठ वेळा लेखकाच्या माथी मारलं."

मी उठून उभी राहिले आणि परत बसले.

"पण बाई, मी खालची तळटीपही वाचली. आता सवय लागलीये ना, लिहिलंय तेवढंच वाचायची." त्यानं कागद माझ्यापुढे ठेवला. खाली बारीक अक्षरात होतं: उमेदवार क्रमांक चौदा यांच्याशी घनिष्ठ मैत्री असल्याने प्रा. दिनोरा सार्मेंतो यांनी परीक्षक मंडळातून माघार घेतली आहे.

हे छापतात! अकरा वर्षांत कधी वेळच आली नव्हती, मला काय माहीत?

"विचारा ना प्रश्न," तो म्हणाला. "परीक्षेत विचारता तसा."

बाहेर पत्र्यावर पहिले चार थेंब वाजले. मी कागद जवळ ओढला. "उताऱ्यानुसार... प्रा. दिनोरा यांचं उमेदवार क्रमांक चौदाशी नेमकं काय आहे?"

"लेखिकेच्या मते, घनिष्ठ मैत्री."

"बरोबर."

"आता परीक्षा संपलीये." तो टेबलावर वाकला. "आता माझं मत विचारा."

पाऊस एकदम कोसळला. कुणाला ऐकू जाणार नाही इतका. तरी मी हळूच विचारलं, "तुझं मत काय?"

'तुझं' आपसूक निघालं. त्यानं ते ऐकलं.

"लेखिका चुकतेय," तो म्हणाला. "अमावास्येसारखंच. अर्धंच लिहिलंय तिनं."

"चौकटी तीनच होत्या, आदामोर."

"मग चौथी काढायची."

त्यानं माझा खण उघडला, न विचारता. आपली डिक्शनरी काढली, तिच्यात अडकवलेली बोटभर पेन्सिल घेतली आणि तळटीपेखाली एक चौकट काढली. नीट, चारही बाजू सारख्या.

"पुढे काय ते लिही ना," मी म्हटलं.

"लिहायचं काय त्यात? दोघांनाही पाठ आहे." पेन्सिल त्यानं माझ्या हातात दिली. "तू फक्त खूण कर, दिनोरा. मार्चपासून मी बिळाबाहेर हिंडतोय."

मी खूण केली. आणि हसले. परीक्षेचा दिवस नव्हताच तो.

पाऊस थांबल्यावर ओस्कारिनामावशी कागद मागायला आली. निकाल दहा दिवस फळ्यावर राहिलाच पाहिजे, असा नियम आहे. म्हणून तिनं तो तसाच, चौकटीसकट, परत लावला. दुसऱ्या दिवशी झेनोबियो सर त्याच्यापुढे बराच वेळ उभे होते. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले, आणि वर्गावर गेले.