अक्काच्या चित्रातले डोळे

पहिल्याच भेटीत त्यानं माझ्या नाकाला वाकडं म्हटलं.

पारोळ्यात लखीचंदशेठचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. मी तिथं अक्काच्या लग्नातला फोटो घेऊन गेले होते. कोपऱ्यात एक जण ब्लेडनं शिसपेन्सिलला टोक काढत बसला होता. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघतच राहिला.

"काय बघताय एवढं?" मी खेकसले.

"नाक... जरा डावीकडं वाकडं आहे."

"आणि तुमचं सरळ आहे, ते मोडून घ्यायचंय का?"

तो हसला. मी नाही हसले. अक्का गेल्यापासून आमच्या घरात कुणी हसत नव्हतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण प्रमिला. शिंदखेड्याला दिलेली. बाळंतपणानंतर तिला ताप भरला आणि आमचे दाजी, तोताराम, "उद्या नेऊ दवाखान्यात" म्हणत राहिले. त्यांचा तो उद्या उजाडलाच नाही. मागे राहिली एवढीशी चिमी, आणि हा एक फोटो. तोही असा की अक्काची मान खाली, तोंडावर मुंडावळ्या, दिसते ती फक्त हनुवटी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरून पुजतात. अक्काची घागर तिच्या सासरी भरायची होती. पुढं ठेवायला चित्र हवं होतं.

कोपऱ्यातल्या त्या चित्रकाराचं नाव भटू. त्यानं फोटो उजेडात धरला.

"ह्यात चेहराच नाही हो. बहिणीसारख्या दिसता तुम्ही?"

"लोक तसं म्हणतात."

"मग समोर तुम्हीच बसा. तुमच्यावरून त्यांचा काढतो."

हे काही त्याला नव्यानं सुचलेलं नव्हतं. फोटो नसला की सख्ख्या भावाला नाहीतर बहिणीला बसवायचं आणि मेलेल्या माणसाचं तोंड कागदावर उतरवायचं, असं तो बऱ्याच घरांत करून आला होता. मला मात्र ते नको वाटलं. कारण 'अगदी प्रमिलासारखी' हे शब्द ऐकून मी आधीच विटले होते. त्याच शब्दांवर माझं लग्न ठरायला निघालं होतं. आखाजीला घागर पुजून झाली की दाजींचं आणि माझं पक्कं करायचं. ह्यावर बठ्ठ्यांचं, सगळ्या घराचं एकमत होतं, एक मी सोडून. "चिमीला मावशीसारखी आई कुठं मिळणार?" असं माझे वडील, नाना, म्हणाले की मला तोंडच उघडता यायचं नाही. चिमीवर माझा जीव होता ना! आणि दाजींचा चेहरा आठवला की त्यांचा तो 'उद्या' ऐकू यायचा.

भटू आमच्या ओसरीवर यायला लागला. आई पलीकडं कुरडया घालत बसायची, एक डोळा कुरडयांवर आणि एक आमच्यावर.

असं काम मी कधी पाहिलं नव्हतं. आधी फिक्या पेन्सिलीनं अगदी हलक्या रेघा, इतक्या हलक्या की फुंकरीनं उडतील. मग हळूहळू काळ्या, मऊ पेन्सिली. कापसाच्या बोळ्यानं गालावरची सावली पसरवायची. पावाच्या मऊ गोळ्यानं जिथं उजेड हवा तिथलं शिसं टिपून घ्यायचं.

"पाव खाता की पुसता?" मी विचारलं.

"मॉडेल भांडकुदळ असलं की दोन्ही करावं लागतं. हनुवटी वर घ्या."

"घेतली."

"एवढी नको... भांडायला निघाल्यासारखी वाटतेय."

"मग तीच माझी खरी हनुवटी!"

आईनं खाकरून दाखवलं. मी हनुवटी खाली घेतली. पेन्सिलीची खसखस तेवढी चालू राहिली.

काही दिवसांनी तो हळूच म्हणाला, "तुमच्या बहिणीबद्दल सांगा ना काहीतरी. नुसत्या नाकाडोळ्यानं माणूस येत नाही कागदावर."

मी सांगितलं. हनुवटीवरचा तीळ. कपाळ माझ्यापेक्षा रुंद. झोका उंच गेला की घाबरून डोळे मिटायची ती. लग्न ठरलं तेव्हा कुणी तिला विचारलं नव्हतं आणि तिनंही मान वर केली नव्हती... बोलता बोलता मी डोळे पुसायला लागले. तो उठला नाही, जवळ आला नाही. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, "रडून घ्या. मी थांबतो." अक्का गेल्यापासून मला कुणी रडायला वेळ दिला नव्हता. त्याच दुपारी मला तो आवडला. लाजायचं कशाला, आवडला म्हणजे आवडला.

"आखाजीला माझं ठरवतायत," मी म्हटलं. "दाजींशी."

तो ब्लेडनं टोक काढायला लागला. टोक मोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा मोडलं.

"तुमच्या मनात आहे?"

"माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला दिसत नाही? रोज तासन्‌तास तोंडाकडं बघताय की!"

"दिसतं," तो म्हणाला. "म्हणून तर डोळे जमेनात."

तीळ, कपाळ, पदर, सगळं अक्काचं झालं होतं. डोळे तो काढायचा आणि पावानं टिपून टाकायचा. कागद तिथं खरखरीत झाला होता. शेवटी आखाजीच्या आदल्या दिवशी त्यानं ते पुरे केले, चित्र काचेच्या फ्रेममध्ये घालून, कापडात गुंडाळून नानांच्या हातात दिलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. मला त्याचा भयंकर राग आला.

शिंदखेड्याला दाजींच्या घरी चित्राचं कापड सोडलं आणि बायकांनी हंबरडा फोडला. "हुबेहूब प्रमिला!" दाजींनी हार घातला, काचेवर कुंकू लावलं. त्यांच्या आईनं घागरीवर खरबूज ठेवलं. मी चिमीला मांडीवर घेऊन बसले होते. ती माझं बोट चोखत होती. पूजा झाली तसे दाजींचे काका म्हणाले, "आता दुसरी गोष्ट बोलून टाकू."

आई इतका वेळ चित्राकडं टक लावून बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. पुन्हा चित्राकडं. ताडकन उठली आणि हार ओढून काढला.

"अवं, काय करतेस?" नाना ओरडले.

"हाई मनी प्रमिला नही," आई म्हणाली. "हाई कोकिळा शे. मनी जिती पोर!"

म्हणजे ही तिची प्रमिला नाही, मी आहे, तिची जिवंत पोर. जित्या माणसाच्या चित्राला हार... कुणी तरी "अरे देवा" म्हटलं.

"तीळ प्रमिलाचा हाये," आईचा आवाज फाटला होता. "पण अशी नजर माझ्या प्रमिलाच्या डोळ्यात कधी आलीच नाही. ज्याच्याकडं असं बघावं, असं माणूसच तिच्या नशिबी आलं नाही."

दाजींनी मान खाली घातली. त्यांच्या आईनं मात्र आवाज चढवला. आई हटली नाही. "तुमच्या घरात हिची घागर भरून झाली. तुमच्या लेखी ही मेली. मेलेली पोर मी पुन्हा कशी देऊ?"

मी सुटले. पण फुकट नाही सुटले. दाजींची आई पुढं आली आणि तिनं माझ्या मांडीवरून चिमीला उचललं. "मेलेल्या बाईला आमच्या पोरीशी काय करायचंय? पुन्हा ह्या दारात यायचं नाही." चिमीच्या तोंडातून माझं बोट सुटलं आणि ती रडायला लागली. एसटी स्टँडवर येईपर्यंत तो आवाज माझ्या कानात होता. अजूनही आहे.

दुसऱ्या दिवशी मी तडक लखीचंदशेठच्या दुकानात गेले.

"मुद्दाम केलंत?"

"नाही," भटू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "खूप प्रयत्न केला हो तुमच्या बहिणीचे डोळे काढायचा. पण समोर तुम्ही होतात... आणि तुम्ही माझ्याकडं बघत होतात."

"मग आता पुढं काय?"

"जित्या पोरीच्या चित्राला हार घालायला लावणारा म्हणून गावात कुणी काम देणार नाही मला. धुळ्याला जातोय, पाट्या रंगवायला. तुम्ही..." तो अडखळला. "तू येशील?"

"नाक वाकडं आहे माझं," मी म्हटलं आणि तिथंच, लखीचंदशेठसमोर, ढसाढसा रडले.

आम्ही लग्न केलं. धुळ्यात एका खोलीत राहतो. दिवसभर तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. चिमीला पुन्हा कुणी बघू दिलं नाही. मी दोनदा शिंदखेड्याला जाऊन बंद दारावरून परत आले.

दर आखाजीला मात्र भटू कोरा कागद घेतो आणि मला समोर बसवतो. माझ्यावरून तो चिमी काढतो, ह्या वर्षी ती केवढी झाली असेल ती. गाल गुबगुबीत करतो, केसांना रिबिनी बांधतो. नाक जरा डावीकडं वाकडं ठेवतो, कारण ते अक्काचंही तसंच होतं.

"डोळे?" तो दर वेळी विचारतो.

"नको. ती समोर येऊन बसली की काढ."

तो पेन्सिल खाली ठेवतो, माझ्या शेजारी येऊन बसतो आणि म्हणतो, "रडून घे. मी थांबतो."