वीस बिया, अकरा शनिवार

“अहो! अहो बाई! सोडा ते... हात लावू नका!”

मी दचकले, पाय घसरला आणि एका गुडघ्यावर चिखलात बसले. हातातली पांढरी जाळीची पिशवी मात्र सुटू दिली नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. शाळेत लागून जेमतेम दोन महिने झाले होते, आणि जगातला सगळा पसारा आपणच आवरायचा आहे अशी माझी ठाम समजूत होती. घरी जाताना कालव्याच्या कडेला, बाणासारख्या पानांच्या एका झाडाला कुणीतरी फडकं बांधलेलं दिसलं. रस्त्यावर कचरा टाकतात ते टाकतात, आता झाडालाही बांधायला लागले! मी उतार उतरून गेले, पिशवीतली कात्री काढली आणि देठासकट ते फडकं कापलं.

पलीकडून पाणी तुडवत तो आला. मांडीपर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत चिखल, आणि चेहरा असा, की मी जणू त्याचा खिसाच कापलाय.

“महिनाभर राखण केली त्याची,” तो म्हणाला. “बोंड फुटलं की बिया चिखलात पडतात, मग हाती लागत नाहीत. म्हणून पिशवी बांधली होती.”

“मला वाटलं... कचरा आहे.”

“कचरा! ह्या अख्ख्या कालव्यावर हे एवढं एकच झाड उरलंय, बाई.”

मी शाळेतली बाई आहे हे त्याला कसं कळलं, कोण जाणे. बाहीवरचा खडू त्याने पाहिला असावा. त्याने पिशवी उघडून आत डोकावलं आणि त्याचा चेहरा निवळला. “नशीब तुमचं. पिकलंय.”

आत वाटाण्याएवढ्या बिया होत्या, बुळबुळीत गरात लडबडलेल्या. आईबरोबर तो नर्सरी चालवायचा. तिथे गुलाब नव्हते, शोभेची झाडं नव्हती. आपल्याच पाणथळ जागांत आपसूक उगवणारी आणि हळूहळू दिसेनाशी झालेली झाडं हे माय-लेक बियांपासून वाढवायचे.

“विकत कोण घेतं?” मी विचारलं.

“कुणीच नाही. म्हणून तर मी असा सडपातळ आणि देखणा राहिलोय.”

मला हसू आलं. आणि हसता हसता, का कोण जाणे, मी त्याला आमच्या शाळेमागच्या खड्ड्याबद्दल सांगून टाकलं. तो बाराही महिने ओला असायचा. मुलांचा जीव त्यात अडकलेला... बेडूक, चतुर, पाण्यावर धावणारे किडे. मोठ्या बाई मात्र त्यात राडारोडा टाकून तो बुजवायला निघाल्या होत्या. मी फारच गयावया केली तेव्हा म्हणाल्या, “सत्र संपेपर्यंत काठावर काही हिरवं दिसलं तर ठेवू. नाहीतर ट्रक बोलावते.”

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तिथेच उभ्या उभ्या बिया मोजल्या. चाळीस भरल्या. त्यातल्या वीस माझ्या ओंजळीत ठेवल्या.

“जपून ठेवा.”

“म्हणजे काय! मला सांगायला हवं का?”

जपून ठेवणं मला लहानपणापासून येत होतं. घरी जाऊन मी बियांचा गर धुतला, खिडकीतल्या उन्हात वर्तमानपत्रावर त्या आठवडाभर खडखडीत वाळवल्या आणि कागदी पाकिटात भरून वर वळणदार अक्षरात नाव-तारीख घातली. मग एका ट्रेमध्ये चिखल भरून वर्गाच्या व्हरांड्यात त्या पेरल्या, आणि त्याला निरोप धाडला.

शनिवारी शाळा सकाळची असायची. मुलं घरी पळाली आणि तो आला. ट्रेवर वाकला. मग पाकीट उचलून वाचलं, आतला कोरडा कागद बोटांनी चाचपला आणि पाकीट हळूच परत ठेवलं.

“अक्षर सुंदर आहे,” शेवटी म्हणाला.

“आणि बिया?”

त्याने ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “वाट... बघू या. पुढच्या शनिवारी येतो.”

असे ते शनिवार सुरू झाले. आता त्या गावात माझं कुणी राहत नाही, व्हरांड्याच्या जागी म्हणे दोन मजले चढलेत. पण शनिवारी दुपारी कुठे शाळा सुटल्याचा गलका ऐकला, की अजूनही मी केस सारखे करते.

तो यायचा, वाकायचा, “हं” म्हणायचा. मग आम्ही पायरीवर बसून डब्याच्या झाकणातून चहा प्यायचो. बाहेर कधी भुरभुर पाऊस असायचा, कधी नुसतंच ढगाळ. मागे रेंगाळलेल्या मुलांनी त्याला ‘बूटकाका’ म्हणायला सुरुवात केली तेव्हा तो फारच दुखावला.

“काका? अरे, माझं अजून लग्न व्हायचंय!”

“होईल,” मी म्हणाले. “बूट काढलेत तर.”

चार आठवडे झाले तरी ट्रेमध्ये चिखलाशिवाय काही दिसेना. माझा धीर सुटला. बुधवारी शाळा सुटल्यावर मी सरळ त्याची नर्सरी गाठली. तो बाहेर गेला होता. आई रोपांच्या घमेल्यांमध्ये बसल्या होत्या.

“वाळवल्यास?” त्यांनी कपाळावर हात मारला, कपाळावर चिखलाची पाच बोटं उमटली. “अगं पोरी, ह्या बिया सुकल्या की मेल्या. ओल्या वाळूत घालून गारव्याला ठेवायच्या असतात. त्यानं सांगितलं नाही?”

“जपून ठेवा म्हणाले.”

“शहाणाच आहे! आपल्याला कळतं ते सगळ्या जगाला कळतं असं वाटतं त्याला.”

“पण ते तर दर शनिवारी येऊन बघतात... वाट बघू म्हणतात!”

आईंचे हात थांबले. त्यांनी मला खालून वर नीट न्याहाळलं. “पहिल्याच शनिवारी घरी येऊन मला म्हणाला होता, आई, त्यातली एकही उगवायची नाही.”

“मग येतात कशाला?”

“ते मला काय विचारतेस?”

माझे कान तापले. राग आला होता, खराच आला होता... माझा खड्डा बुजायला निघालाय आणि हे महाशय चहा पितायत! पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी उड्या मारत होतं.

आईंनी फ्रिजमधून, दुधाच्या भांड्यामागून, एक बरणी काढली. ओल्या वाळूत त्याच्या वाटणीच्या वीस बिया होत्या. “तुझ्या खड्ड्यासाठीच राखल्यात त्यानं. पेरून, वाढवून, गुपचूप आणून ठेवणार होता. त्यापेक्षा तूच पेर. त्याला मी कळू देत नाही.”

मग दर बुधवारी, तो बाहेर पडला की, मी आईंकडे जायची. घरामागे, त्याची नजर जाणार नाही अशा आडोशाला एक घमेलं; त्यात चिखल, वर दोन बोटं पाणी. बिया तरंगतात, त्यांना दाबायचं नाही, तरंगू द्यायचं. हिरवं टोक फुटलं, मुळं जड झाली, की त्या आपणहून बुडतात आणि रुजतात. पहिली बुडाली तेव्हा मी आईंना मिठीच मारली.

शनिवारी मात्र मी साळसूदपणे विचारायची, “काही हालचाल?”

“तशी... आतून असेल.”

सहाव्या शनिवारी तो उतरलेल्या तोंडाने आला. “घरात एक बरणी हरवलीये. आई म्हणते, फ्रिज पुसताना कुठे गेली कळत नाही.” चहा तसाच निवत राहिला. “बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय...”

“सांगा.”

तो बघत राहिला. “...तुमच्या बाहीला खडू लागलाय.”

तेव्हाच मी खरं सांगून टाकायला हवं होतं. त्याला उगाच झुरवलं. पण सांगितलं असतं, तर सातवा शनिवार कुठून आला असता?

अकरावा शनिवार सत्राचा शेवटचा दिवस होता. तो आला आणि ट्रेकडे न बघताच उभा राहिला.

“माझी चूक आहे, बाई. बिया सुकल्यात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमचा खड्डा जाणार... मोठ्या बाईंपुढे मी हात जोडतो, हवं तर.”

“मग सांगितलं का नाहीत?”

तो बुटांच्या टोकांकडे बघत म्हणाला, “सांगितलं असतं, तर इथे यायला काय निमित्त उरलं असतं?”

मी त्याची बाही धरली आणि त्याला शाळेच्या मागे घेऊन गेले. खड्ड्याच्या काठाने सतरा रोपं उभी होती. आदल्या दिवशी मुलांनी आणि मी लावलेली, वीतभर उंच, बाणासारख्या कोवळ्या पानांची. मोठ्या बाई छत्री घेऊन ती मोजत होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, “ट्रक नको म्हणून कळवलंय मी,” आणि आत निघून गेल्या.

तो चिखलात गुडघ्यांवर बसला. एका पानाला बोट लावलं. “ही... ती बरणी?”

“आईंनी दिली. चौथ्या आठवड्यात.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं? आणि तरी मला ‘काही हालचाल’ म्हणून विचारत होतात?”

“तुम्ही तरी काय उत्तर द्यायचात?”

तो हसायला लागला. मग मीही. भुरभुर सुरू झाली होती, पण दोघांनाही आडोशाला जायची घाई नव्हती. हसू ओसरलं तसा तो उठला, आणि एकाएकी घाबरल्यासारखा दिसला.

“आता उगवायचं ते उगवलं,” तो म्हणाला. “मग पुढच्या शनिवारी मी... काय म्हणून येऊ?”

“शनिवारी नको,” मी म्हणाले. “रविवारी ये. बाबा घरी असतात.”