ये मागून

हे माझ्या आजोबांसोबत घडलेलं आहे. ऐकीव नाही, रचलेलं नाही.

बाबूसिंग राठोड त्यांचं नाव. घरात त्यांनी हे जन्मात दोनदाच सांगितलं. एकदा आजीला, लग्न झाल्यावर. दुसऱ्यांदा मला. मी त्यांच्या डाव्या खांद्याला तेल लावत होते तेव्हा.

भुताखेताचं काही निघालं की लोक आधी विचारतात, अमावस्या होती का? रात्रीचे किती वाजले होते?

अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती.

चैत्र महिना होता, सन १९४५. भर दुपार. हिंगोली स्टेशनातून सेनगावकडे निघालेला पांढऱ्या फुफाट्याचा रस्ता.

पण त्याआधीचं सांगितल्याशिवाय ती दुपार कळणार नाही.

आमचा तांडा साखऱ्याजवळ. आजोबांचा जिवलग संतराम हा साखऱ्याचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि आई, पार्वतीबाई. बाप लहानपणीच गेलेला. बाबूसिंग आणि संतराम, दोघांनी गुरं एकत्र राखली आणि १९४१ साली फौजेत नावंही एकत्रच दिली.

दोन वर्षांनी पलटणीतून निवडक जवान मागवले. विमानातून उडी मारणारी नवी पलटण उभी राहत होती. छत्रीवाली. त्या शिक्षणात बहुतेक जण गळायचे. कुणाचा पाय मोडायचा, कुणाची हिंमत विमानाच्या दारातच सुटायची. हे दोघं टिकले.

सुट्टीवर आले तेव्हा माझ्या पणजीनं, जमनाबाईनं विचारलं, "इमानातून उडी मारता? काहून? ते खाली उतरवून देत न्हाई का तुमाला?"

संतराम हसून हसून खाटेवरून पडला होता म्हणे.

उडीच्या वेळी आजोबा पुढे, संतराम मागे. विमानाच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. म्हणून मागच्यानं पुढच्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला की उडी.

लढाईत मात्र उडी मारायची वेळ आलीच नाही.

मार्च १९४४. जपानी फौज मणिपूरच्या डोंगरात घुसली आणि यांना पायीच एका टेकडीवर नेऊन बसवलं. जमिनीखाली खडक. गुडघाभर खणलं की कुदळ ठणकायची. पाणी टेकडीच्या पायथ्याशी. आणि पायथ्याशी जपानी.

सहा दिवस.

त्या सहा दिवसांबद्दल आजोबा एवढंच बोलले...

"पहिल्या दिशी भेव वाटलं. तिसऱ्या दिशी तहान लागली. पाचव्या दिशी कायबी वाटना गेलं. बाजूचा माणूस पडला तं म्या त्याच्या गोळ्या काढून घेतल्या. नाव बी इचारलं न्हाई."

सहाव्या दिवशी हुकूम आला. अंधार पडला की टेकडी सोडायची. ज्यांना चालता येतं त्यांनी निघायचं. आणि ज्यांना येत नाही त्यांनी...

साहेबानं ते वाक्य पूर्ण केलं नाही.

संतरामच्या मांडीत गोळी होती. तो जखमींच्या रांगेत पडला होता.

"बाबू, मला मशिनगनपाशी नेऊन ठेव," तो म्हणाला.

"काहून?"

"काहून म्हंजी? तुमी उतरून राहिले की मागून कोणीतरी वाजवत राहाय पायजे न."

आजोबांनी त्याला ओढत तिथं नेलं. तिथं आणखी तीनचार जण आधीच येऊन पडले होते. रक्तानं आणि पट्ट्यांनी झाकलेली तोंडं. कोण कुठला, कुणाला माहीत.

आजोबांच्या बाटलीत दोन घोट पाणी होतं. संतरामनं ते घेतलं नाही.

"तू पी. तुला चालायचं हाय."

आजोबा प्याले. मग निघताना आपण म्हणतो तसं 'येतो' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

पण येणार कुठं होते ते परत?

म्हणून ते दुसरंच बोलले. लहान लेकराची समजूत काढतात तसं.

"ये मागून."

संतराम हसला. आजोबा उतरायला लागले.

अंधारात वाट चुकू नये म्हणून प्रत्येकानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. आजोबा सगळ्यात शेवटी. वर मशिनगन वाजत होती. थांबायची, पुन्हा वाजायची. खूप वेळ.

मग ती थांबली.

ओढा ओलांडून हे लोक बांबूच्या रानात शिरले. कुणी बोलत नव्हतं. नुसता पानांचा आवाज...

आणि आजोबांच्या डाव्या खांद्यावर हात पडला.

ते चालत राहिले.

उजाडलं तेव्हा पुढच्या जवानानं मागं वळून पाहिलं. "पीछे कौन है तेरे?"

"मेरा यार है," आजोबा म्हणाले.

त्या जवानानं आजोबांच्या मागं नीट पाहिलं. तोंड फिरवलं आणि भराभर चालायला लागला.

आजोबांनी वळून पाहिलं.

मागं कुणी नव्हतं.

पुन्हा तोंड पुढं केलं... हात होता तिथंच.

चार दिवस ते चालले. तिसऱ्या दिवशी आजोबा एका झाडाखाली बसले. उठायचंच नाही म्हणून बसले. तेव्हा त्या हाताची बोटं खांद्यात रुतली. इतकी, की ते उठून उभे राहिले.

दवाखान्यात डॉक्टरनं खांद्याला सुई टोचली. रक्त आलं. दुखलं नाही. आणखी आत टोचली. तरी नाही. कुठं जखम नव्हती, हाड मोडलं नव्हतं. पण खांदा मेलेला. हात उचलेना. वर्षभर इकडून तिकडे फिरवून त्यांना घरी पाठवलं.

"भेव न्हाई वाटलं तुमाला?" मी विचारलं.

"न्हाई. भेव न्हाई, रडू न्हाई. खाल्लं तं चव न्हाई. म्या म्हणलं, त्यो आलाय न मागून, तं त्याला त्याच्या घरी नेऊन सोडतो."

आता ती चैत्रातली दुपार.

गाडीतून उतरून आजोबा सेनगावच्या रस्त्याला लागले. गावाबाहेर लिंबाखाली एक पाणपोई होती. तिथं भिकाबाई नावाची म्हातारी बसायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

आजोबांनी एका हाताची ओंजळ केली. तिनं पाणी ओतलं. ते प्याले आणि बाजूला झाले.

म्हातारीनं तांब्या पुन्हा भरला.

आणि जिथं आता कुणी नव्हतं, तिथं ओतायला लागली...

आजोबा बघत राहिले. एक तांब्या. दुसरा. तिसरा. पाण्याची धार हवेतून खाली येत होती आणि मध्येच संपत होती.

खाली जमीन कोरडी होती. फुफाट्यावर एक थेंब नव्हता.

रांजण तळाला गेला तेव्हा ती थांबली.

"लई तहानेला हाय रे बाबा तुझा सोबती," भिकाबाई म्हणाली. "किती दिसाचा?"

आजोबा पुन्हा रस्त्याला लागले.

सेनगावला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना साखऱ्याची बैलगाडी मिळाली. गाडीवान गोपीचंद. आजोबा मागं पाय सोडून बसले. गोपीचंद बैलांकडं तोंड करून आपला बोलत होता. मध्ये थांबायचा, हुंकार द्यायचा, पुन्हा बोलायचा. आजोबांना वाटलं, बैलांशी बोलतोय.

गाव जवळ आलं तेव्हा गोपीचंद म्हणाला, "तुमी मुके दिसता, पण तुमचा सोबती बराच बोलका हाय. मांडीत गोळी लागली म्हणे त्याच्या. लई तकलीफ हाय बिचाऱ्याला. समदं हिंदीतच बोलून राहिला, अर्धं मला समजलंच न्हाई."

आजोबांनी अख्ख्या वाटेत चाकांच्या आवाजाशिवाय काही ऐकलं नव्हतं.

हिंदीचं त्यांना काही वाटलं नाही. फौजेत सगळेच तसं बोलतात.

त्यांना वाटलं ते वेगळंच. म्हातारीला दिसला. गाडीवानाला ऐकू आला. मग मलाच काहून नाही?

पार्वतीबाई दारात बसून तूर निवडत होती. आजोबांना बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"एकटाच आलास?"

आजोबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. टेकडी, मशिनगन, दोन घोट पाणी. काही लपवलं नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मेला न्हाई त्यो. सरकारचं पत्र हाय. बेपत्ता लिवलंय. म्या तीनदा वाचून घेतलं."

"माय, त्यो आलाय. माझ्या मागं उभा हाय."

पार्वतीबाईनं आजोबांच्या मागं पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

तिला काही दिसलं नाही.

"जितं पोरगं आण," ती म्हणाली. "मेलेलं म्या घरात घेणार न्हाई. घेऊन जा त्याला."

आणि तिनं दार लावून घेतलं.

हात खांद्यावरच होता.

साडेतीन वर्षं. आजोबा एका हातानं पार्वतीबाईचं शेत करत राहिले. धान्य दारात ठेवायचे आणि निघायचे. उंबरा कधी ओलांडला नाही. मधल्या काळात त्यांचं लग्न झालं. माझी आजी, रुख्मिणीबाई, त्यांच्या मागून कधी चालली नाही. बाजूनं चालायची. म्हणायची, "ह्यांच्या मागं जागाच न्हाई."

१९४८ चा भाद्रपद. निजामाचं राज्य गेलं तो महिना. पार्वतीबाई तापानं अंथरुणाला खिळली होती. तिनं आजोबांना बोलावणं पाठवलं.

तेही दिवसाउजेडी. चारचा सुमार. दार उघडं होतं.

"बाबूसिंग," ती आतून म्हणाली, "त्यो अजून हाय का तुझ्यासंग?"

"हाय, माय."

"आत येऊ दे."

आजोबांनी उंबऱ्यात पाय टाकला...

खांद्यावरचा हात उठला.

खोलीत काही हललं नाही. पण पार्वतीबाईनं अंथरुणातले पाय जवळ ओढून घेतले. पायथ्याशी कुणाला बसायला जागा करतात तसे.

खाटेची सुंभं करकरली.

ती त्या रिकाम्या पायथ्याकडं बघत राहिली. आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू गेलं.

"बाबूसिंग..."

"व्हय, माय."

"ह्यो कोण हाय?"

"संतराम, माय."

"न्हाई."

आजोबा खाटेजवळ सरकले.

"ह्यो माझं पोरगं न्हाई," पार्वतीबाई म्हणाली.

आजोबा पायथ्याकडं बघत होते. त्यांना तिथं गोधडीशिवाय काही दिसत नव्हतं.

मग हात लांब करून तिनं गोधडीचं टोक पायथ्याकडं सरकवलं. कुणाच्या तरी गुडघ्यांवर घातल्यासारखं.

"कोणाचं हाय कोण जाणे," ती म्हणाली. "बसू दे."

दिवस मावळायच्या आत ती गेली.

आणि आजोबांचा खांदा दुखायला लागला. साडेचार वर्षांनी. इतका की ते भिंतीला धरून खाली बसले आणि मोठ्यानं ओरडले. बाहेरच्या बायांना वाटलं, म्हातारीसाठी रडतोय.

माणसं यायच्या आधी त्यांनी त्या पायथ्याला विचारलं, "कौन है भाई? गाँव कौनसा तेरा?"

कुणी बोललं नाही.

"घर कहाँ है? मैं छोड़ के आता हूँ."

काही नाही. नुसती गोधडी. तिचं टोक गुडघ्यांएवढं उंच राहिलं होतं... आणि मग ते हळूच खाली बसलं.

तो हात आजोबांच्या खांद्यावर पुन्हा कधी आला नाही. तो कुणाचा होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. फौजेत असलेला कुणीही भेटला की आजोबा विचारायचे, त्या टेकडीवर तुमच्या ओळखीचं कुणी राहिलं का? मांडीत गोळी लागलेलं?

एवढं सांगून ते थांबले. माझ्या हाताला तेल तसंच होतं.

"आन् संतराम?" मी विचारलं.

आजोबांनी बंडी अंगात घातली. गुंड्या लावल्या. खूप वेळ लावला.

"म्या ज्याला ये म्हणलं," ते म्हणाले, "त्यो अजून यायचाच हाय."

आजोबांना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. संतरामला ते कळलं असेल का, मला माहीत नाही.