साक्षीदाराची सही

चित्र परत आलं की मी आधी शिव्या घालायचो आणि मग ते मोठं करून बघायचो. परत पाठवणाऱ्याचं बरोबर असायचं, हे जास्त झोंबायचं. हाताला सहावं बोट. मागच्या पाटीवरची अक्षरं वितळलेली. एका कानात डूल, दुसरा मोकळा. फोटो विकणाऱ्या त्या संकेतस्थळाला मी वीस वर्षं खरे फोटो दिले होते. आता कॅमेरा उचलायचाही कंटाळा, म्हणून संगणकावर एआयकडून चित्रं करून घ्यायचो आणि खरे फोटो म्हणून खपवायचो.

चेहरा ओळखू येत असला की त्या माणसाचं संमतीपत्र लागतं आणि त्यावर साक्षीदाराची सही. चित्रातल्या बायांच्या सह्या मीच डाव्या हातानं करायचो. साक्षीला ताई होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वरच्या मजल्यावर एकटी राहते. शाळेत शिकवायची तेव्हा एका गुणासाठी तिनं मला, सख्ख्या भावाला, नापास केलं होतं. मी तिला सांगितलं, बाया स्टुडिओत येऊन सह्या करून गेल्या, तू फक्त साक्ष दे. चष्मा लावून तिनं एकेक कागद वाचला.

"मी कुठे पाहिलं रे त्यांना सही करताना?"

"मी तुझ्याशी खोटं बोलेन का?"

तिनं अकरा सह्या केल्या. आत्ता सांगतानाही तोंड लपवावंसं वाटतंय.

मग एक चित्र परत आलं. खिडकीशी बसलेली, करड्या केसांची बाई. बोटं पाच, डूल दोन, सगळं जागच्या जागी. खाली कारण होतं: 'चित्रातील व्यक्तीने सही केल्याचे नाकारले आहे.'

कुणीतरी माझी फिरकी घेतंय, असं वाटलं. मी बाईचे केस काळे केले, नाक बदललं, ताईच्या सहीच्या त्याच कागदावर बाईचं नाव बदललं आणि चित्र पुन्हा पाठवलं. तासाभरात परत.

'व्यक्ती तीच आहे. तिने साक्षीदाराचा पत्ता मागितला. तो देण्यात आला आहे.'

भीती नंतर वाटली. आधी डोळ्यांपुढे आली ती ताई. कुणी दारात येऊन तिला खोटारडी म्हटलं तर? रात्रभर स्वतःला समजावलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं कबूल करायचं ठरवून वर गेलो.

टेबलावर दोन कप होते. एक रिकामा. दुसऱ्यातल्या चहावर साय धरली होती. ताई निळा स्वेटर घालून खिडकीशी बसली होती.

"ती येऊन गेली," ताई म्हणाली.

"कोण?"

"तुझ्या फोटोतली. केस करडेच बरे होते म्हणाली, तू उगाच काळे केलेस."

"ताई, अशी बाईच नाहीये. मी तुला..."

"इथे बसली होती. मला विचारलं, तुम्ही पाहिलंत का मला सही करताना? जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं मी. मान वर करवेना."

"मग?"

"नाही पाहिलं म्हणाले. माफी मागितली. तर म्हणाली, असू दे, तुम्ही जरा उजेडात बसा."

"फोटो काढला तिनं?"

"एकच. विचारून काढला."

मला लाज वाटली, इतकी की पुढचं काही विचारवेना. माझं चुकलं, एवढंच म्हणालो. ताईनं माझ्याकडे बघितलं नाही.

"सगळे कागद परत घे," ती म्हणाली. "जा."

खाली येऊन खातं उघडलं. अकराच्या जागी बारा चित्रं होती. बारावं मी चढवलेलं नव्हतं.

निळा स्वेटर. खिडकी. ताई.

मी ते मोठं केलं. बोटं मोजली. कान बघितले. चष्म्याच्या काचेवरचा ओरखडासुद्धा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी चूक सापडावी म्हणून तडफडत होतो.

चूक नव्हती.

माझ्या डोळ्यांदेखत खालची ओळ बदलली.

'चित्र स्वीकारले. संमतीपत्राची आवश्यकता नाही. चित्रातील व्यक्ती अस्तित्वात नाही.'

धावत वर जायला हवं होतं. मी पहिल्या पायरीवर बसून आहे. दोनदा हाक मारली, तीही हळूच.