डाव्या बाजूचा बर्फ

खलाशी काशा डेकवर आला आणि उजवीकडे बघून त्यानं चक्क शीळ घातली. कठडा, दोरांचं चाक, केबिनची भिंत, सगळं ओलं आणि चकचकीत. लाटेचं उडालेलं पाणी तिथं गोठत होतं, पण पापडाएवढा थर धरला की आपसूक सुटून समुद्रात पडत होतं.

"भाच्यानं कमाल केली हो तांडेल!" तो ओरडला.

सुकाणूवर बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, हसुराम होता. कोकणातल्या हर्णैची मासळी संपली तशी ही माणसं नॉर्वेच्या उत्तर टोकाला कॉड मासा धरायला आली. इथं माणूस लाटेला भीत नाही, तुषारांना भितो. हवा शून्याच्या कितीतरी खाली. उडालेला थेंब बोटीला लागला की दगड झालाच म्हणा. टनावारी बर्फ चढतो, बोट वरून जड होते आणि एका हेलकाव्यात पालथी. म्हणून लाकडी मोगऱ्यांनी तो सतत फोडायचा. हसुरामच्या ते जिवावर यायचं. देवीचं नाव दिलेल्या आपल्या बोटीच्या, 'जाखमाते'च्या अंगावर हाणायचं म्हणजे काय! प्रत्येक वेळी मोगरी उचलण्याआधी तो बोटीला हात लावून कपाळाला लावायचा.

यंदा त्याच्या भाच्यानं, निनादनं, स्वतः शोधलेला हिमविमुख लेप बोटीला दिला. बर्फ चिकटतच नाही असा. बर्फ मोजून आकडे त्याच्याकडे पाठवणारी यंत्रंही बसवली. हसुरामनं मोगऱ्या आनंदानं धक्क्यावर उतरवल्या.

चाचणीला निनादही येणार होता. ऐन वेळी म्हणाला, "मामा-भाच्यानं एका होडीत बसू नये ना, मामा!" एरवी असल्या समजुतींची टिंगल करणारं हे पोर. हसुरामला काय भरून आलं होतं तेव्हा!

"तांडेल!" काशा डावीकडे गेला होता, तिथून त्याचा आवाजच बदलला. "इकडं हातभर चढलाय! सुटत नाही!"

तेवढ्यात बोट डावीकडे कलली आणि उठेना. हसुरामनं इंजिन मंद केलं, वारा पाठीवर घेतला. तुषार कमी झाले, पण चढलेला बर्फ तसाच. त्यानं निनादला उपग्रह-फोन लावला. आवाज केबिनभर घुमत होता, शेजारी उभ्या गणू खलाशालाही ऐकू येत होता.

"निनाद, डावी बाजू भरली रे. लेप गेला वाटतं."

"उजवी स्वच्छ आहे ना?"

"आहे."

"वा!" निनाद म्हणाला. "मामा, डावीकडे लेप नाहीच. तसाच दिसणारा साधा रंग आहे. एकाच बोटीवर, एकाच लाटेत तुलना दाखवल्याशिवाय कुणी मानत नाही."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुम्ही बर्फ फोडला असता. मग मी मोजणार काय?"

"मोगऱ्या उतरवल्या तेव्हा तू तिथंच उभा होतास!"

"बोट उलटणार नाही असं गणित होतं, मामा. वारा अंदाजापेक्षा जास्त निघाला."

"म्हणून तू आला नाहीस होय रे, हलकटा! होडीत बसू नये म्हणे!" बहिणीचं पोर. शिक्षणासाठी त्याच्याच घरी राहिलेलं. एवढा राग त्याला जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि रागाखाली नुसतं दुःख होतं.

त्यानं फोन आपटला, सुकाणू गणूच्या हाती दिलं, लोखंडी पहार उचलली आणि या वेळी नमस्कार न करताच 'जाखमाते'वर घाव घातला. काशा धावत स्वयंपाकाचा तवा घेऊन आला. फोडत राहिले. शेवटी एक मोठा तुकडा सुटला, काशाच्या डाव्या हातावर आदळून समुद्रात गेला. बोट हळूहळू सरळ झाली.

बंदराकडे वळले तेव्हा निनादचा निरोप आला: 'आकडे फार चांगले आलेत. यानं शेकडो बोटी वाचतील, मामा.' हसुरामनं तो दोनदा वाचला. वाचतील, हे खरंच होतं. त्याचाच जास्त संताप येत होता.

काशा कोपऱ्यात बसला होता. हाताला फडकं गुंडाळलेलं, बोटं पांढरी पडलेली. साध्या रंगाचं सगळं गणूनं त्याला सांगितलं होतं. हसुराम त्याच्याशेजारी बसला. काशानं वर बघितलं नाही.

"तांडेल," तो म्हणाला, "भाचा तुमचा. तुमच्या घरात वाढलेला. खरं सांगा, तुम्हाला ठाऊक होतं?"