तापीच्या लाकडांची वहिनी

विठ्ठलाची शपथ घेऊन लिहितो, यातलं काहीच रचलेलं नाही. ज्या घरात घडलं, त्याच घरात मी आजही राहतो.

१९३४ चा भादवा. अमळनेर तालुक्यातलं, तापीकाठचं आमचं गाव.

शेवंतावहिनी धुणं घेऊन नदीवर गेली आणि पुरात वाहून गेली.

देह मिळालाच नाही.

देह नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. नाहीतर जीव अडकून राहतो. पण वहिनीचा नवरा, माझा थोरला भाऊ कौतिक, भटजींना म्हणाला, पुतळा मी करीन.

त्याला तो नादच होता. पुरानं काठाला टाकलेल्या लाकडांचे तो घोडे, मोर करायचा. वहिनी चिडवायची, चुलीत घालायला काटकी नाही आणि यांचे घोडे दाणा मागताहेत.

या वेळी त्यानं वाळूतून वेचून लाकडं आणली. मुळांचे केस केले. शिंपल्यांचे डोळे. काठावर सापडलेल्या तिच्या बांगड्या मनगटात चढवल्या.

पुतळा उभा राहिला.

वहिनीच होती.

चिता रचली. भाऊनं पलिता हातात घेतला... आणि टाकून दिला. पुतळा उचलून घरी आणला, ओसरीत उभा केला.

सकाळी पुतळ्याखालची जमीन ओली होती.

मी पुसली. दुपारी पाहतो तर पुन्हा... ओली. वर नदीची बारीक वाळू.

मग वारा नसताना बांगड्या वाजू लागल्या. किण... किण...

कुडकुडणाऱ्या बाईच्या वाजतात तशा.

"भाऊ, वहिनीले थंडी वाजस," मी म्हणालो. "सोडी दे तिले."

त्यानं तिच्या बांगड्या मुठीत धरल्या.

"निंबा, मी एकलाच कसा ऱ्हाऊ रे?"

पण त्या संध्याकाळी त्यानंच तिला काठावर नेलं.

लाकूड ओलंचिंब. तरी तुपात भिजवल्यासारखं पेटलं. बांगड्या मात्र वाजतच होत्या... बराच वेळ.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. भाऊनं राखेत हात घातला... आणि तसाच थांबला.

राखेत अस्थी होत्या.

माणसाच्या.

भटजींनी अस्थी गाडग्यात भरून दिल्या, आम्ही तापीत सोडल्या. भाऊनं पुन्हा लाकडाला हात लावला नाही.

कीर्तन मी अजून चुकवत नाही. पण खांबातून देव प्रकटला, असं बुवा सांगू लागले की सगळी मंडळी डोलतात, आणि माझ्या हातातला टाळ थांबतो.

आम्ही लाकूड जाळलं, हे मला माहीत आहे.

पण पलिता लागला तेव्हा... ती आत होती का?